पोर्ट साइडचा तिसरा

बी विंगमध्ये चोरी झाली
म्हणून रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या.
धानोरी. समुद्र इथून घाट उतरून पुढे कुठेतरी;
पाण्याचा विषय निघतो तो टँकरच्या बिलापुरता.

फाटक म्हणाले, साकोरीकर, तुम्ही बोटीवर असता,
तुम्हीच सांगा, कंपाउंडला काचा लावायच्या की तार?

तार, म्हटलं.
आम्ही ब्लेडची लावतो, वेटोळ्यांची,
कठड्याच्या बाहेरच्या अंगाला, तीन पदरी.
दोन-दोन हातमोजे चढवूनही
आमच्या सारंगाचं, हर्णैच्या इस्माईल मुकादमांचं,
मनगट फाटलं होतं बांधताना.
म्हणाले, चोराच्या आधी आपलंच रक्त मागते ही बया.

लोकांना ऐकायचं होतं. सांगितलं.
तेल भरलं की टँकर खाली बसतो,
डेक पाण्यापासून तुमच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीएवढा.
वेग, नगर रोडला संध्याकाळी बस जाते तेवढा.
त्यांची होडी दुप्पट पळते. सोबत शिडी,
रंगारी आणतात तशी, टोकाला आकडा.
आम्ही आगीचे पाइप कठड्याला बांधून
रात्रभर समुद्रच समुद्रावर ओतत राहतो.

बंदूकवाले नसतात का, मेहेंदळे वहिनींनी विचारलं.
असतात. त्या फेरीला कंपनीला परवडले नाहीत.
इथे खजिनदार खाकरले,
कारण रात्रीच्या दुसऱ्या वॉचमनचा विषय पुढे यायचा होता.

आणि बुजगावणी.
त्यावर सगळे हसले. खरंच, म्हटलं.
जुने बॉयलर सूट, आत चिंध्या,
डोक्यावर हेल्मेट, हाताला झाडूचा दांडा,
लांबून वाटावं, माणसं जागी आहेत.
सहा केली होती. पोर्ट साइडच्या तिसऱ्याला
माझा सूट होता, खिशावर माझं नाव.
मेसमनने त्याला मिशी काढली. जाता-येता पोरं सलाम ठोकायची,
काय सेकंडसाब, ड्यूटी संपत नाय का?

इथवर सांगितलं. पुढचं नाही.

पुढचं असं की पहाटे साडेपाच, मी नुकता झोपलेलो.
सूर्याच्या बाजूने दोन ठिपके.
कॅप्टन सुकाणू डावं-उजवं टाकत राहिला,
जहाज गाभण म्हशीसारखं झुललं,
मग तोही खाली आला.
सुकाणूच्या यंत्रखोलीत आम्ही बावीस जण,
लोखंडी दार, आतून अडसर.
अंधारात मोजलं. एकवीस.
पुन्हा मोजलं. एकवीस.
कुणीतरी रडायला लागलं.
मोजणारा मी. स्वतःला धरतच नव्हतो.

वर पावलं वाजली की नाही
यावर अजून आमच्यात एकमत नाही.
आठ तासांनी दार उघडलं.
तारेत एक स्लिपर अडकलेली, निळ्या पट्ट्याची,
डावी, पाच नंबरची असेल. पोराटोराची.
आणि पोर्ट साइडचा तिसरा कठड्यावर ओणवा,
खिशाच्या जागी दोन भोकं,
चिंध्या वाऱ्यावर.

मुकादमांनी स्लिपर पायाने लोटली नाही.
हाताने सोडवली, बाजूला ठेवली नीट,
मशिदीच्या पायरीशी ठेवतात तशी.
सूट मी समुद्रात टाकला. आधी खिसा कापून घेतला.
तो कपाटात आहे, पासपोर्टखाली.
वृंदाला वाटतं, रफूला द्यायचाय.

सभेत तार मंजूर झाली.
दुसरा वॉचमन नाही.

रात्री बाराला मला जाग येते.
बारा ते चार माझा वॉच, सुट्टीतही.
चौथ्या मजल्यावरून गेटपाशी
बिराजदारांची खुर्ची दिसते,
पाठीला त्यांचा खाकी शर्ट अडकवलेला, वर टोपी.
लांबून वाटावं, माणूस जागा आहे.
गेले असतील चहाला कुठे, किंवा मीटररूममागे
अंग टाकलं असेल घटकाभर. साठी उलटलीये त्यांची.

मी कठडा धरून उभा.
विमानतळाकडे एक कुत्रं भुंकतं, थांबतं.
चार वाजून दहा मिनिटं झालीत.
ते अजून आलेले नाहीत.